विजयमाला नर्सबाईंची पाहणी

विजयमाला नर्सबाईंना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. मिशनच्या दवाखान्यात एकवीस वर्षं काढली, पण खुर्चीला पाठ टेकून बसलेल्या त्या कुणाला दिसल्या नाहीत. पेशंट नसले तर बाटल्या पुसायच्या, बाटल्या संपल्या की कंपाउंडर रंगनाथला झापायचं. पण १९७३च्या उन्हाळ्यात त्यांची जी तगमग चालली होती ती निराळी होती. ती साळूबाईमुळं होती.

साळूबाई दुष्काळी कामावर खडी फोडायची. काम सुटलं की दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायची. औषध नको, पट्टी नको, एकच धोशा.

"बाई, तुमीच नेली माझी पोर. आता तुमीच आना."

आणि ते खोटं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी साळूबाईचा नवरा अंथरुणाला खिळला, घरात दाणा नाही, तेव्हा सोळा वर्षांच्या चांगुणाला मदर जेरोमांच्या आश्रमात विजयमालाबाईंनीच पोचवलं होतं. दोन वेळची भाकरी मिळेल, शिवण शिकेल. त्या दिवशी त्या स्वतःवर इतक्या खूश होत्या, की आता नुसतं आठवलं तरी कान तापायचे.

हा आश्रम म्हणजे एक अजब प्रकरण होतं. रोमनं मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनऐवजी मराठीत करायला परवानगी दिली तेव्हा गावोगावच्या ख्रिस्ती मंडळींनी आनंदानं पेटी-तबला काढला. मदर जेरोमांनी मात्र हे सैतानाचं काम ठरवलं, आपल्या जोगिणींच्या संघातून बाहेर पडल्या आणि सोनईच्या पुढं चार मैलांवर, माळावरच्या एका जुन्या बंगल्यात मुली घेऊन राहिल्या. चांगुणा धरून सातजणी. प्रार्थना लॅटिनमध्ये, झोप जमिनीवर आणि घरच्यांची भेट बंद. चांगुणाचा बाप वारला तेव्हा निरोप पोचला, पण ती मातीला आली नाही. तिची चिठ्ठी आली: 'मी येथे स्वखुशीने व सुखात आहे.' साळूबाईनं ती दवाखान्यात तीनदा वाचून घेतली आणि घडी करून कमरेला खोचली.

पुढं मदरनी बिशपांकडं आश्रमाला मान्यता मागितली. बिशप म्हणाले, मुली मनानं राहिल्यात की धाकानं, ते आधी कळू द्या. गावच्या चर्चमधल्या फादरांनी नऊ प्रश्नांचा कागद विजयमालाबाईंच्या हातात ठेवला.

"तुम्ही बाईमाणूस. तुमच्याशी त्या बोलतील," फादर म्हणाले.

त्या गेल्या त्या भांडायच्या तयारीनं. पण भांडायला काही सापडेना. फाटकाला कडीसुद्धा नव्हती. मदर जेरोमा उंच, गोऱ्या, आवाज लोण्यासारखा. "मी कुणालाच अडवत नाही, बाई. दार उघडंच असतं." मुली एकेक करून येऊन बसल्या. पोटभर जेवता? होय. कुणी मारतं? नाही. घरी जावंसं वाटतं? नाही, मी स्वखुशीने आहे. सहाजणींची उत्तरं सारखी, खाली बघण्याची रीतही सारखी. कागद भरत गेला आणि बाईंचं डोकं तापत गेलं. एवढं सगळं ठीक कसं असेल? पण ठीक नाही म्हणावं, तर बोट कशावर ठेवायचं?

शेवटी चांगुणा आली. आश्रमात तिला दुसरंच नाव होतं. डोळे लाल, हात कढत. "तापलीयस की गं!" म्हणत बाईंनी पिशवीतला थर्मामीटर झटकला. "धर जिभेखाली. आलेच मी."

तेवढ्यात मदरनी हाक मारली, बाईंना प्रार्थनाघर दाखवायचं होतं. मग स्वयंपाकघर, मग विहीर, मग भाजीचे वाफे. दुष्काळातही वांगी धरली होती. मदर अभिमानानं सांगत होत्या, "इथं मुली पाणी प्यायचं तरी गुडघे टेकून विचारतात. स्वतःची इच्छा सोडणं हेच आमचं व्रत." बोलता बोलता अर्धा तास गेला. बाई थर्मामीटर साफ विसरल्या.

आठवण झाली तशा त्या धावत परतल्या. चांगुणा होती तिथंच बसलेली. हात मांडीवर, तोंडात थर्मामीटर. लाळ हनुवटीवरून गळ्यापर्यंत आली होती. गालावर माशी बसली होती, तीही तिनं उडवली नव्हती.

"अगं, काढायचा की नाही!"

बाईंनी काचेची नळी ओढून काढली. चांगुणानं हात जोडले. "तुम्ही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "चुकले. क्षमा करा."

 एकवीस वर्षांत विजयमालाबाईंनी माणसं मरताना पाहिली होती, पण असं भ्याल्यासारखं त्यांना कधी झालं नव्हतं. थर्मामीटर एकशे दोन दाखवत होता. नऊ प्रश्नांत ह्याला कुठंच जागा नव्हती.

"चांगुणा, घरी येतेस? आई वाट बघतेय."

तिनं दाराकडं पाहिलं. दारात मदर उभ्या होत्या. "जा की," त्या मायेनं म्हणाल्या. "तुझी इच्छा. देवाला काय सांगायचं ते तुझं तू बघ." ते ऐकलं आणि पोरगी मटकन गुडघ्यांवर बसली. "मी स्वखुशीने आहे," ती पुटपुटली.

मग मात्र बाईंचा तोल गेला. वॉर्डातला ठेवणीतला आवाज काढून त्या ओरडल्या, "ऊठ! चल माझ्याबरोबर!"

चांगुणा उठली आणि मागोमाग चालू लागली. मदरनी अडवलं नाही. फाटकापाशी एवढंच म्हणाल्या, "पाहिलंत बाई? तुम्हीही हुकूमच केलात."

ते वाक्य एसटीत बाईंच्या शेजारी येऊन बसलं आणि पुढं कितीतरी दिवस उठलं नाही.

ताप चार दिवसांत उतरला. पण साळूबाई पुन्हा पायरीवर हजर. "बाई, म्होरं भाकरी ठिवली तर नुसती बघत बसती. खा म्हनलं की खाती. पोर आली, पन पोरीत कोन न्हाई वो."

बाई रोज संध्याकाळी साळूबाईच्या घरी जाऊन चांगुणापाशी बसू लागल्या. चहा घेतेस का ताक? "तुम्ही द्याल ते." ओट्यावर बसू या का आत? "तुम्ही म्हणाल तिथं." हुकूम करायचा नाही, असं बाईंनी मनाशी घेतलं होतं. त्यांच्यासारखीला ते विस्तव गिळण्याइतकं जड. दवाखान्यातही त्या 'जमेल का रे?' असं विचारू लागल्या, तेव्हा रंगनाथ घाबरून म्हणाला, "बाई, तुमाला बरं न्हाई का?"

महिन्याभरानं फादरांचा निरोप आला. बिशपांचे प्रतिनिधी गुरुवारी येणार होते. कागदावर सगळ्या मुली स्वखुशीच्या होत्या. चांगुणा समोर येऊन स्वतःच्या तोंडानं बोलली तर काही होईल, नाहीतर आश्रमाला मान्यता. म्हणजे उरलेल्या सहाजणी कायमच्या तिथंच.

गुरुवारी सकाळी बाई साळूबाईच्या झोपडीत गेल्या, तेव्हा चांगुणा भाकरी थापत होती.

"चांगुणा, आश्रमात काय काय घडलं ते एका फादरांना सांगायचंय. त्या सहाजणींसाठी. येशील?"

थापणारे हात थांबले. परातीतलं पीठ तिनं उगाच गोळा केलं, पुन्हा पसरलं.

"न्हाई," ती म्हणाली. इतकं हळू, की चुलीपाशी बसलेली साळूबाई वळली. "म्या न्हाई येनार, मावशी. मला भ्या वाटतं. मला न्हाई यायचं."

 विजयमालाबाईंना हसावं की रडावं कळेना. आजच, आत्ताच हे पहिलं 'नाही' यायचं होतं का! 'ऊठ, चल' एवढंच म्हणायचा अवकाश होता. ती उठली असती, हे त्यांना ठाऊक होतं आणि पोरीच्या डोळ्यांत पाहिलं तर तिलाही ठाऊक होतं. सहाजणी त्यांच्या नजरेसमोरून हलेनात. शब्द अगदी ओठांवर आला.

"बरं," त्या म्हणाल्या. "नको येऊस." आणि उठून एकट्याच निघाल्या. वाटेत दोनदा मागं वळल्या, दोनदा स्वतःवरच करवादल्या.

बिशपांचे प्रतिनिधी म्हातारे, जाड भिंगाचे. "मुलगी कुठं आहे?"

"घरी. मी विचारलं, ती नाही म्हणाली."

"मग आमच्यापाशी राहिलं काय?" त्यांनी पेनाला टोपण लावलं.

विजयमालाबाईंनी पिशवीतून थर्मामीटर काढून टेबलावर ठेवला आणि त्या अर्ध्या तासाची हकिगत उभ्यानं सांगितली. 

"ह्या पोरीनं आज 'नाही' म्हटलं, फादर. दोन वर्षांत पहिल्यांदा. आधी ते लिहा. मग आश्रमात जा आणि त्या सहाजणींना एवढंच विचारा, तुम्ही शेवटचं 'नाही' कधी म्हणालात?"

म्हाताऱ्यानं थर्मामीटर उचलून भिंगाजवळ धरला, परत ठेवला. मग टोपण काढलं. लिहून पुरं होईपर्यंत विजयमालाबाई त्याच्या समोरून हलल्या नाहीत.