परतणारा चेंडू

चेंडू हातातून सुटल्यानंतरच्या क्षणी गोलंदाज हा मैदानावरील सर्वांत निराधार मनुष्य असतो. एक पाय अधांतरी, मस्तक पुढे झुकलेले, दोन्ही हात देहाचा तोल सावरण्यात गुंतलेले. फलंदाजाजवळ निदान बॅट असते, पायांना पॅड असतात, मस्तकावर शिरस्त्राण असते. गोलंदाजाजवळ यांतले काहीच नसते. बहुतेक गोलंदाज या गोष्टीचा आयुष्यात कधी विचार करीत नाहीत, आणि म्हणूनच त्यांना गोलंदाजी करता येते. ज्यांच्याविषयी मी लिहीत आहे त्या गृहस्थांच्या मनात हा विचार एकदा आला, आणि आला तो मुक्कामालाच.

वजनकाटे तयार करणाऱ्या आमच्या कारखान्यात ते तपासनीस होते. लांबलचक टेबलावर ओळीने मांडलेल्या काट्यांवर प्रमाण वजने ठेवायची, सुई योग्य जागी स्थिरावते की नाही हे निरखायचे, आणि स्थिरावत नसेल तर मागचा बारीक स्क्रू पिळायचा, हे त्यांचे काम. खिडकीबाहेर कारखान्याचेच मैदान होते. कारखान्याच्या संघाचे ते अष्टपैलू खेळाडू. डाव्या हाताने मध्यमगती गोलंदाजी करीत आणि सहाव्या क्रमांकावर फलंदाजीला येत. त्यांचा चेंडू इतक्या नेमक्या टप्प्यावर पडे की सहकाऱ्यांनी त्यांचे नाव ‘काटा’ असेच ठेवले.

वास्तविक ते केवळ गोलंदाज म्हणून संघात आले होते. सलामीचा फलंदाज गाडी चुकल्याने पोहोचला नाही, आणि उसन्या बॅटने खेळायला उतरलेले हे गृहस्थ संध्याकाळपर्यंत बाद झाले नाहीत, येथून त्यांच्या फलंदाजीचा आरंभ झाला. पुढे प्रांताच्या संघातून काही हंगाम खेळले. देशाच्या संघासाठी भरलेल्या निवड शिबिरातही एकदा जाऊन आले. निवड झाली नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी येऊन त्यांनी टेबलावरची वजने पुसायला घेतली.

त्यांच्या पत्नीचा धाकटा भाऊ त्याच कारखान्याच्या बांधणी विभागात होता. हा मेव्हणा वेगवान गोलंदाज. काम सुटले की दोघे नेटमध्ये सराव करीत. अशाच एका संध्याकाळी मेव्हण्याने चेंडू थोडा पुढे टाकला आणि काट्यांनी तो सरळ परतवला. फटका अत्यंत निर्दोष होता. इतका, की हातांना चेंडूचा स्पर्शसुद्धा जाणवला नाही. त्या फटक्याच्या आवाजाला लागूनच दुसरा आवाज झाला. मेव्हण्याच्या गालाचे हाड मोडले होते.

प्राण वाचले, डावा डोळाही राहिला, पण त्यावर कायमचे धुके साचले. कोणी दोष दिला नाही. सासूबाई एवढेच म्हणाल्या, “खेळात व्हायचंच असं.” पत्नीने रक्ताळलेला सदरा मुकाट्याने धुतला. मेव्हणा तर रुग्णालयात पट्ट्यांमधून बोलला, “भावोजी, जन्मात एकच फटका धड मारलात, तोही माझ्या तोंडावर!”

काटे हसले. परंतु पुढच्या सामन्यात चेंडू हाती घेऊन धावू लागताच त्यांच्या तोंडाला कोरड पडली. भीतीचे खरे स्वरूप त्यांना त्या क्षणी कळले. ते दोन्ही टोकांना उभे राहिलेले होते. समोरच्या फलंदाजाच्या हातून काय सुटू शकते, आणि सुटताना त्या फलंदाजाला काहीही जाणवत नाही, हे त्यांच्या हातांनी अनुभवले होते. केवळ गोलंदाज असते तर कदाचित निभावून नेले असते. चेंडू सुटला की त्यांचे तोंड आपोआप बाजूला वळू लागले. कोणी सरळ मारू नये म्हणून ते आखूड टप्प्याचे चेंडू टाकू लागले आणि धावांची लूट होऊ लागली. घरीसुद्धा स्वयंपाकघरात झाकण पडले तरी त्यांचे दोन्ही हात चेहऱ्यापुढे जात. पत्नी हे पाहत, आणि झाकण उचलून ठेवीत.

संघाचे कप्तान जुळणी विभागाचे मुकादम होते. त्यांनी एकदा काट्यांना टेबलापाशीच गाठले.

“काट्या, चेंडू टाकून तोंड कुठे फिरवतोस? मागे पाहुणे आलेत का?”

काट्यांनी हातातले वजन टेबलावर ठेवले.

“रविवारी अंतिम सामना आहे. त्यांचा तो हत्ती सरळच मारतो. आखूड टाकलास तर छपरावरून चेंडू शोधत बसावं लागेल. पुढे टाकणार असशील तर सांग. नाहीतर तुझ्याऐवजी दुसरा घेतो.”

“नुसता फलंदाज म्हणून…?”

“फलंदाज माझ्याकडे पोत्यानं आहेत. तू दोन्ही करतोस म्हणून आहेस.”

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी पत्नीला सांगितले, “नाही म्हणून कळवतो.” मेव्हणा जेवायला आलेला होता. पाण्याचा पेला खाली ठेवून तो म्हणाला, “कळवा. पण आधी उद्या नेटमध्ये या. मी टाकतो.”

“तू?” पत्नीचा हात थांबला. त्या संध्याकाळनंतर त्याने चेंडूला हात लावला नव्हता.

“एक डोळा चांगला आहे माझा. यांचे तर दोन्ही चांगले असून हे मिटून घेतात.”

दुसऱ्या दिवशी मेव्हणा चेहऱ्यापुढे जाळी असलेले फलंदाजाचे शिरस्त्राण घालून गोलंदाजीला उभा राहिला. “काय रे, पातेलं उलटं घातलंस?” असे म्हणून लोकांनी त्याची चेष्टा केली. त्याने चेंडू पुढे टाकला. काट्यांनी तो बाजूला ढकलला. पुन्हा तसाच चेंडू. पुन्हा तसाच ढकलला.

“भावोजी, हा सरळ मारायचा चेंडू होता.”

“जमला नाही.”

“जमला नाही की मारला नाही? कप्तानांना तुमची गोलंदाजीच दिसते. तुम्ही त्या दिवसापासून सरळ फटकाच मारलेला नाही. मी पाहतोय ना बाहेर बसून.” त्याचा आवाज उतरला. “तुम्ही तो फटका गिळलात की मला वाटतं, मी अजून त्या खाटेवरच पडलोय.”

नेटच्या कडेला पत्नी येऊन उभ्या होत्या. कामावरची पिशवी त्यांनी छातीशी घट्ट धरली होती. “अहो, मारा,” त्या म्हणाल्या. “ऐकणार नाही तो. आमच्या घरात ऐकून घेणारा जन्मलाच नाही.”

पुढचा चेंडू आला. बॅट खाली आली आणि हातांना काहीही जाणवले नाही. चेंडू जाळीवर खणकन आदळला आणि मेव्हणा खाली बसला. बॅट टाकून ते धावले. तिथवर पोहोचेपर्यंत आपण किंचाळत आहोत हेही त्यांना कळले नाही.

जाळीच्या आत मेव्हणा हसत होता. “जाळी वाकली. नाक जागेवर आहे.” त्याने शिरस्त्राण काढले आणि काट्यांच्या डोक्यावर चढवले. “आता रविवारी हे तुम्ही घाला.”

“लोक हसतील रे.”

“हसू द्या. हसणाऱ्यांच्या अंगावर चेंडू येत नाही.”

रविवारचा तो सामना आमचा संघ हरला, हे येथेच सांगून टाकतो. त्यानंतरही काटे काही हंगाम खेळले, त्याच वाकड्या जाळीच्या शिरस्त्राणात, आणि प्रत्येक षटकापूर्वी त्यांच्या तोंडाला तशीच कोरड पडे. भीती त्यांना सोडून गेली असे कोणी समजू नये.

रविवारी ते गोलंदाजीला आले तेव्हा सारे मैदान खदखदले. हत्तीने तर बॅटवर रेलून विचारले, “काय साहेब, स्कूटर कुठे लावलीत?” काट्यांची जीभ टाळ्याला चिकटली होती. ते धावले आणि चेंडू पुढे टाकला, सरळ मारता येईल असा. हत्तीने तो मारला. चेंडू थेट त्यांच्या चेहऱ्याकडे आला. त्यांचे तोंड फिरले नाही. हात वर गेले, बोटांच्या टोकांना चेंडू लागला, पायांशी पडला. झेल सुटला होता.

कप्तानांनी कपाळावर हात मारला. काट्यांनी सीमारेषेकडे पाहिले. पत्नीने दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकला होता. पत्नीच्या शेजारी मेव्हणा उभा होता, त्या एका चांगल्या डोळ्याने टक लावून पाहत, आणि गोलंदाजाने धाव सुरू करायच्या खुणेकडे बोट दाखवीत.

काट्यांनी चेंडू उचलला, मांडीवर घासला, आणि ते त्या खुणेकडे परत चालू लागले.