छप्पनकाकू

माझ्या काकूच्या उजव्या हाताला साडेचार बोटं आहेत. मधल्या बोटाचं वरचं पेर आरा मशीनच्या पट्ट्यात गेलं, ते मी तिच्या हाताखाली कामाला लागण्याच्या आधी. मशीन चालवणारे इस्माईलभाई तो प्रसंग प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. "हमकू चक्कर आ गयी, आन् काकू काय म्हणते, भाई, ती फळी बाजूला काढा, रक्त लागलंय, पार्टी घेणार न्हाई." एवढं सांगून ते स्वतःच डोळे पुसत हसायचे. या साडेचार बोटांबद्दल मला पुढं काही सांगायचं आहे. बरीच वर्षं ते टाळलं, म्हणून इथंच कबूल करून ठेवतो, नाहीतर मी पुन्हा दुसऱ्याच गोष्टी सांगत बसेन.

जालन्याच्या एमआयडीसीत तिला नावानं कोणी ओळखत नसे. सगळ्यांची ती छप्पनकाकू. काका गेल्यावर लाकडाची वखार तिच्याकडे आली. बियाण्यांच्या कंपन्यांचा माल परदेशी जायला लागला तशी ती वखारीत पॅलेट ठोकायला लागली. पॅलेट म्हणजे पोत्यांची थप्पी ज्यावर रचतात आणि ज्याच्या खाली फोर्कलिफ्टचे सुळे जातात, तो लाकडी पाट. त्या लाकडातून इकडचा भुंगा तिकडच्या जंगलात जाऊ नये म्हणून जगभर एक नियम पाळतात. लाकडाची साल काढायची, ते भट्टीत घालायचं आणि त्याचा अगदी गाभा छप्पन अंशांवर सलग अर्धा तास ठेवायचा. मगच त्यावर छाप मारता येते. छापेत गव्हाची ओंबी असते, देशाची अक्षरं असतात आणि भट्टीवाल्याचा नंबर असतो. तो नंबर मिळाला त्या दिवशी काकूनं वखारीत पेढे वाटले आणि संध्याकाळपासूनच काळजीला लागली. "आता कोन्त्या बी देशात भुंगा निघाला, की तो माझंच दार हुडकत येणार," म्हणाली. त्यानंतर ती निवांत बसलेली मला आठवत नाही.

भट्टी म्हणजे पत्र्याची एक बंद खोली. आत पंखे, आणि सगळ्यात जाड ठोकळ्यांना भोकं पाडून त्यांत खुपसलेल्या सेन्सरच्या सळया. बाहेरच्या पडद्यावर आकडे दिसत. काकू त्या पडद्यासमोर स्टूल टाकून बसायची, एखाद्या आजारी लेकराच्या उशाशी बसावं तशी. एकदा अर्धा तास भरत आला आणि लाइट गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत आकडा घसरला. मी म्हणालो, "काकू, झालंच की. वरून हात लावून बघ, चटका बसून राह्यला."

"वरून तापलं म्हंजे आतून तापलं असं न्हाई, गज्या. पहिल्यापासून लाव."

"काकू, आदमी का बुखार बी आप छप्पन पे नापते क्या?" इस्माईलभाईंनी मागून विचारलं.

"तुमचं डोकं टाका आत, भाई. मंग सांगते किती भरतंय ते."

पहिल्यापासून लावलं. डिझेल जळत राहिलं आणि ती आकड्याकडं बघत राहिली.

सालीचा तर तिला ध्यासच होता. कुठंही लाकूड दिसलं की तिचं नख त्याच्या कडेवर जाई. मला मुलगी बघायला गेलो तेव्हा पोहे आले, मुलगी आली, नाव-गाव विचारून झालं, आणि काकू बसल्या जागेवरून वाकून दिवाणाच्या खालची पट्टी चाचपत होती. पट्टीला सालीचा एक तुकडा राहिला होता. तिनं तो सोलून काढला आणि सगळ्यांसमोर बशीत ठेवला. "हितनं कीड लागती," म्हणाली. सासऱ्यांनी शेवटी विचारलं, "काकू, आमची पोरगी पसंत हाय का दिवाण बघायला आलाव?" लग्न जमलं. पण आजही सासुरवाडीला गेलो की मला त्या दिवाणावर बसवतात आणि हसतात.

कंटेनर गेला की भट्टीच्या त्याच खेपेतल्या लाकडाचा एक ठोकळा ती कोनाड्यात ठेवायची. रोज सकाळी आली की आधी तो उचलायची, खाली कागद धरून झटकायची आणि उजेडात कागद बघायची. भुंगा असला तर लाकडाची पिठासारखी पावडर पडते. माल तिकडं उतरला, सगळं बराबर आहे, असा निरोप आला की ठोकळा चुलीत. तोवर तिच्या तोंडी एकच प्रश्न. "लागला का रं कंटेनर?" जेवताना, फोनवर, एकदा तर माझ्या लेकीच्या बारशात, पाळण्याची दोरी हातात धरून.

आता ते सांगतो.

खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रांची पूजा होई. आरा मशीन, रंधे, हातोड्या, आणि छाप मारायचं लोखंड. नवी आंब्याची एक फळी पाट म्हणून मांडायची, त्यावर हत्यारं ठेवायची, भट्टीच्या दाराला झेंडूचा हार, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. त्या वर्षी काकूनं हळदकुंकवात हात बुडवून पाटावर ठसा उठवला. चार बोटं आणि एक अर्धं. मग ती सणाला माहेरी हसनाबादला गेली. जाताना मला म्हणाली, "पूजा मोडू नको बरं." रीतीप्रमाणं म्हणाली, दरवर्षी म्हणायची तसं.

दुपार कलताना बियाण्याच्या कंपनीतून फोन आला. भरायच्या कंटेनरमधल्या एका पॅलेटची खालची फळी फोर्कलिफ्टनं फोडली होती. लगेच बदलून द्या, गाडीला आजच सील लागणार आहे. आमच्याकडं तापवलेल्या फळ्या होत्या, पण त्या भट्टीतच रचून ठेवल्या होत्या. दाराला हार होता. दाराच्या दोन्ही झडपांवरून आडवा बांधलेला, उघडायचं तर तोडावाच लागला असता. मी त्या दारासमोर उभा राहिलो. हात पुढं केला आणि मागं घेतला. काकूला फोन करता आला असता. केला नाही, कारण ती काय म्हणेल ते मला ठाऊक होतं. गाडी थांबू दे, म्हणाली असती. तिकडं कंपनीचा साहेब दर पाच मिनिटांनी फोन करत होता.

मी पाटावरची हत्यारं उचलून चटईवर ठेवली आणि ती आंब्याची फळी घेतली. बाहेर त्या मापाची तेवढीच होती, पण कच्ची, भट्टीचं तोंड न पाहिलेली. हार तोडण्यापेक्षा हे पाप लहान, असं मला तेव्हा खरोखर वाटलं. देवाची भीती वाटली, भुंग्याची वाटली नाही. कंपनीच्या गोदामात जाऊन मी ती ठोकली. त्या पॅलेटच्या ठोकळ्यावर आमची छाप आधीच होती. गव्हाची ओंबी आणि काकूचा नंबर.

परत येऊन पाटाच्या जागी भंगारातली एक तोकडी फळी मांडली, तिच्यावर कापड टाकलं आणि हत्यारं परत ठेवली. कोणाला काही कळलं नाही.

मग ती फळी समुद्रावर गेली आणि माझी झोप गेली. काकू रोज सकाळी त्या खेपेचा ठोकळा झटकायची, कागद मला दाखवायची. "साफ हाय गज्या, बिलकुल पावडर न्हाई." ठोकळा साफच असणार होता, तो छप्पन अंशांतून गेलेला होता. मी मान हलवायचो. मला डोळ्यांसमोर ती फळी दिसायची, अंधाऱ्या कंटेनरमध्ये पोत्यांच्या वजनाखाली, आणि तिच्यात काहीतरी कुरतडतंय असं वाटायचं. घरात बायकोनं दाराची कडी सरकवली तरी मी दचकायचो. फोन वाजला की आधी काकूच्या चेहऱ्याकडं बघायचो. एकदा तीच म्हणाली, "तुला काय झालंय रं? कंटेनर माझा गेलाय, सुकून तू राह्यलास." तेव्हा सांगता आलं असतं. बोट अजून बंदराला लागली नव्हती, कंपनीला कळवता आलं असतं. मी म्हणालो, "पित्त झालंय."

निरोप आला तो आम्हा दोघांना कंपनीत बोलावूनच. माल तिकडच्या बंदरावर अडकला होता. पॅलेटखाली पावडर सापडली होती, फळीत अळी. तपासणीचे साहेब आले होते, कंपनीचे साहेब होते. त्यांनी मोबाइलवरचा फोटो काकूसमोर धरला. फळी उलटी केलेली, त्यावर पुसट पिवळा-लाल ठसा. चार बोटं आणि एक अर्धं.

काकूनं चष्मा लावला. फोटो मोठा केला. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, पण मला बोलायला पुरेल एवढा वेळ. मी भिंतीवरच्या एसीकडं बघत राहिलो. त्यातून पाणी ठिबकत होतं आणि खाली कोणीतरी बादली ठेवली होती.

"ही फळी कोणी लावली?" तपासणीच्या साहेबांनी विचारलं.

काकूनं उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. "बोटं माझी हाईत," म्हणाली. "दुसऱ्या कुनाची असतील व्हय अशी?"

त्यांनी तेच उत्तर धरलं. आणि मी ते तसंच राहू दिलं.

नंबर गेला. नियम असा, की आता छाप असलेलं एकही लाकूड वखारीतून बाहेर जायला नको. काकूनं रंधा घेतला आणि तयार पॅलेटवरची एकेक छाप स्वतः तासून काढली. मी दुसरा रंधा घेऊन समोर बसलो. ती मला बस म्हणाली नाही, ऊठही म्हणाली नाही. ओंब्या भुशात पडत होत्या. इस्माईलभाई पट्टा बंद असलेल्या मशीनपाशी उभे होते. नंतर ते दुसऱ्या मिलमध्ये गेले. काकूनं वखार विकली आणि हसनाबादला भावाच्या घरी राहायला गेली. मी एमआयडीसीतच दुसऱ्यांच्या भट्टीवर लागलो. माझं नाव साफ होतं ना.

लोक बोलायचे. छप्पन छप्पन करायची आणि शेवटी कच्चं लाकूड खपवलं, म्हणायचे. माझ्यासमोर बोलायचे, मी घरचा माणूस म्हणून जरा जपून. मी चहा पीत ऐकायचो.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी हसनाबादला गेलो होतो. काकू ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. म्हातारी झाली आहे, पण मी बसलो त्या बाजेच्या लाकडी चौकटीला आधी तिचं नख लागलं, मग म्हणाली, "बस."

"काकू, ती फळी..."

"कोन्ती फळी?"

तिला ठाऊक होतं. पण तिनं मला सगळं बोलायला लावलं.

"पाटाची. मी काढली. मीच ठोकली. कुंकवाची बाजू खाली केली."

"खाली केलीस व्हय?" तिच्या हातातली शेंग थांबली. "म्हंजे दिसू नये, येवढं तुला कळत व्हतं."

मी सुपातली एक शेंग उचलून हातात धरली.

"भट्टीचं दार का न्हाई उघडलंस?"

"हार होता."

"हार होता!" तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. एवढी चिडलेली ती मी कधी पाहिली नव्हती, नंबर गेला त्या दिवशीसुद्धा. "अरे, झेंडूचा हार तो. तोडायचा, फळी काढायची, पुन्हा बांधायचा. देव काय कडी लावून बसला व्हता आत? मी पूजा कशाची मांडली व्हती रं, हाराची?"

तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मी म्हणालो, "त्या दिवशी तू माझं नाव का नाही घेतलंस?"

"मी वाट बघून राह्यल्ते. तू घेशील म्हनून." मग हलक्या आवाजात, "तुझी लेक लहान व्हती. तुला कुनी उभं केलं नसतं पुन्हा. तेवढं माझ्या बी डोक्यात आलं. पर आधी वाट बघितली."

"काकू, माफ कर."

"मला सांगून काय उपेग? मला त्याच दिवशी ठाऊक व्हतं. ज्यान्ला ठाऊक न्हाई त्यान्ला सांग."

मी आधी इस्माईलभाईंना सांगितलं. त्यांनी मशीन बंद केलं, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा चालू केलं. मग आताच्या मालकांना सांगितलं. ते म्हणाले, विचार करतो. अजून करत आहेत, आणि मी रोज त्यांच्या बोलावण्याची वाट बघतो. आमच्या भट्टीच्या दाराला यंदा हार एकाच झडपेवर बांधला. दार उघडत होतं, मी दोनदा उघडून पाहिलं.

आता राहिलेले तुम्ही. बियाण्याच्या कंपनीतले, वखारीच्या आळीतले, हसनाबादचे, ज्यांनी ज्यांनी माझ्यासमोर तिला नावं ठेवली आणि मी चहा पीत ऐकलं, ते सगळे. त्या फळीवरचं कुंकू काकूचं होतं. खिळे माझे होते.