सुनंदाचा फोटो

कपाट पुसताना एक्स-रेची फिल्म हाती आली. दमट हवेने ती पाकिटाला चिकटली होती. हलकेच सोडवून खिडकीशी धरली.

ती काढली त्या दिवशी रत्नागिरीच्या दवाखान्यात, पायाला प्लास्टर असलेली माझी पत्नी सुनंदा धापा टाकत होती. छातीचा एक्स-रे पाहून मला धीर आला.

"फोटो स्वच्छ आलाय," मी म्हणालो.

"माझा एकटीचा पयलाच फोटो, चांगलाच येणार," ती हसली. "चला ओ आता घरी."

डॉक्टर हसले नाहीत. "फोटो स्वच्छ असून एवढा दम लागतोय, म्हणूनच शंका येते. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली असेल, तर ती यात बहुधा दिसत नाही. सीटी स्कॅन करू."

स्कॅनपर्यंत ती पोचली नाही.

तिचा एकटीचा दुसरा फोटो घरात नाही. यात चेहरा नाही. बरगड्यांमधून समोरचे माड दिसतात.