हदगावची टेप

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. मालकांजवळ नाही, पोरांजवळ नाही, माहेरी बहिणीजवळसुद्धा नाही. आता लिहून टाकते, कारण बोलायला गेले तर तोंडातून पुन्हा दुसरंच काही निघेल. त्याला ती सवय आहे.

माझे मालक, पंडित, नांदेडच्या ‘गारपीट’ बँडमध्ये गायचे. गिटार, ड्रम, खांद्यापर्यंत केस, घसा फुटेस्तोवर ओरडणं — तसला बँड. “गारपीट नाव ठेवतं व्हय कुनी? गावात उभं करतील का तुम्हाला?” म्हणून सासऱ्यांनी डोकं धरलं होतं. पण लोक ट्रॅक्टर भरभरून ऐकायला यायचे, हे खरं आहे. मालक वारले त्याला बरीच वर्षं झाली. ड्रम वाजवणारा उत्तम अजून आहे, आता गुडघ्याला पट्टा बांधून वाजवतो. जुन्या कार्यक्रमांच्या टेपा गोळा करून, त्यांची खरखर काढून, तो येत्या दिवाळीला मोबाईलवर सगळ्यांसाठी सोडणार आहे.

त्यानं हे जाहीर केल्यापासून चाहत्यांना दम नाही. माझी नात प्रणिता त्यांचं लिहिलेलं मला वाचून दाखवते. शिरूर अनंतपाळचा एक मास्तर लिहितो, नांदेडचं नको, लातूरचं नको, आधी हदगावचं सोडा. किल्लारीचा एकजण लिहितो, हदगावला माणिकरावांनी गिटार वाजवली तशी पुन्हा कुणी वाजवली नाही. दुसरा लिहितो, अर्धा तास वाजवली. तिसऱ्याच्या लेखी तासभर. यातले निम्मे तेव्हा पाळण्यात होते. पण मागणी सगळ्यांची एकच — हदगावची टेप.

आणि त्याखाली माणिकला शिव्या. “माणिकराव, टेपवर बसून अंडी उबवून राहिले का?” असं एकानं लिहिलंय. त्याला हसणारे किती!

माणिक म्हणजे मालकांचा जोडीदार. गिटार वाजवायचा. आमच्या घरी जेवायचा, मला वहिनी म्हणायचा. लोक धरून चाललेत की हदगावची टेप त्यानं नेली आणि परत केली नाही. हे लोकांना कुणी सांगितलं?

सांगते. पण आधी टेपेत काय होतं ते सांगावं लागेल.

हदगावच्या त्या कार्यक्रमाची एकच टेप झाली होती, स्पीकरवाल्यानं भरून दिलेली. माणिकनं त्या दिवशी खरंच काहीतरी वेगळं वाजवलं. मला गाण्यातलं कळत नाही, तरी कळलं. पण त्याच टेपेत, दोन गाण्यांच्या मधे, गर्दीतून कुणीतरी ओरडतं, “पंडितभाऊ, वहिनीला न्हाई आणलं का?” आणि मालक माईकमध्ये म्हणतात, “तिला कशाला? तिला एकच ठेका येतो, भाकरी बडवायचा!”

सगळं मैदान हसतं. मी त्या मैदानात बसलेली होते. डब्बा घेऊन गेले होते, बँडच्या सगळ्या पोरांसाठी.

तेवढ्यावर राहिलं असतं तर मी विसरले असते — असं म्हणायला बरं वाटतं. विसरले असते का? माहीत नाही. पण घरी कुणीही पाहुणा आला की मालक ती टेप लावायचे, आणि ती जागा आली की आवाज वाढवून स्वयंपाकघराकडं बघायचे. पाहुणे हसायचे. मी चहा घेऊन बाहेर यायचे, तेव्हा परत हसायचे.

एका दुपारी मालक गिरणीत कामाला गेलेले होते. कॅसेटच्या कडेला दोन बारीक खाचा असतात. त्यांची झाकणं मोडून टाकली की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. मालकांनी ती मोडून ठेवली होती. पण ती भोकं झाकली की परत भरता येतं, हेही त्यांनीच कधीतरी हौसेनं मला शिकवलं होतं. मी दोन मोठ्या टिकल्या घेतल्या आणि भोकांवर चिकटवल्या. टेपरेकॉर्डर परातीजवळ ठेवला. आवाज भरायची दोन्ही बटणं दाबली आणि ज्वारीच्या भाकरी बडवायला बसले.

मला फक्त ती थट्टा पुसायची होती, असं मी मनाशी बरीच वर्षं म्हणत आले. ते खोटं आहे. एक बाजू संपली तेव्हा मी पिठाचे हात पुसून कॅसेट उलटी केली. माणिकचं वाजवणं दुसऱ्या बाजूला आहे हे मला ठाऊक होतं. पीठ संपलं, तरी मी टेप चालू ठेवली. उरलेल्या टेपेत शेजारणीची शेळी आहे आणि मी भांडी घासते आहे.

मालक टेप शोधायला लागले तेव्हा ती माझ्या लुगड्यांच्या पेटीत तळाशी होती. “कुठं हाय?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “माणिक भाऊजी घेऊन गेले.”

हे नाव तोंडात लगेच कसं आलं? कारण आदल्याच दिवशी तो दारात येऊन गेला होता. “वहिनी, टेप द्या की. येकडाव ऐकतो, लगेच आणून देतो. मी काय वाजवलं ते मलाच आठवून नाही राहिलं.” मी म्हणाले, मालक आले की या. आणि माणिकचं घेतलेलं परत न देणं सगळ्यांना माहीत होतं — आमची बॅटरी, उत्तमची छत्री, कुणाचा सायकलचा पंप. त्यामुळं कुणाला शंका आली नाही. मालक सायकल घेऊन माणिककडं गेले. माणिकनं पोरांच्या शपथा घेतल्या. मालक म्हणाले, माझी बायको खोटं बोलते व्हय? दोघांची भर चौकात जुंपली. माणिक बँड सोडून लातूरला गेला.

मी बोलले नाही. तेव्हा बोलले असते तर काय, चार दिवस घरात भांडण झालं असतं. मालक मारणारे नव्हते. मग भीती कशाची होती? माझ्यावर पुन्हा हसतील याची. एवढीच.

मालक गेले त्या दिवशी माणिक लातूरहून आला होता. खांदा द्यायला पुढं झाला तर उत्तम म्हणाला, “तू मागं ऱ्हा.” तो मागं राहिला. मी दारात होते, ऐकत होते.

आता मागच्या आठवड्यातलं. उत्तमला वाटलं, म्हातारपणी तंटा कशाला. त्यानं लातूरला फोन केला, आणि ते बोलणं चाहत्यांसाठी मोबाईलवर टाकलं. प्रणितानं मला लावून दाखवलं. माणिकचा आवाज आता पार बसलाय. उत्तम म्हणाला, “माणक्या, झालं गेलं जाऊ दे. टेप असंल तर दे. लोक वाट बघून राहिले.”

मला वाटलं, आता हा भडकेल. पुन्हा पोरांच्या शपथा घेईल.

तो म्हणाला, “वहिनी कशाला खोटं बोलतील? म्याच नेली असंल. माझ्या ध्यानात ऱ्हात नाही आता. शोधून राहिलोय.”

मग त्याची लेक बोलली. म्हणाली, बाबा रोज माळ्यावर चढतात, नको म्हटलं तरी ऐकत नाहीत, सगळी खोकी उपसतात. खाली लोकांनी लिहिलंय, शोधा काका, आम्ही थांबतो.

त्या माळ्यावर ती टेप नाही. त्यानं ती कधी नेलीच नव्हती.