गिरणीवर वाढलेल्या अळ्या

"ताई, अळ्या झालेलं पीठ मिळेल का हो?"

गिरणीसमोर पाच-सहा बायका डबे घेऊन उभ्या होत्या, आणि हा माणूस हेल्मेट काखेत धरून खणखणीत आवाजात हे विचारत होता. त्याची आणि माझी ही पहिली ओळख. मी हातातलं सूप आपटलं. "अळ्या तुमच्या घरी! माझ्या गिरणीत आजवर साधा सोंडकिडा निघालेला नाही. चला, व्हा बाजूला."

तो बाजूला झाला, पण गेला नाही. बायका गेल्यावर पुन्हा आला, कोंड्याच्या पोत्यात मनगटापर्यंत हात घातला आणि मूठ नाकाशी नेऊन डोळे मिटले. "मग निदान कोंडा तरी द्या. स्वच्छ दिसतोय. अळ्या मी घरी करतो."

आता मी त्याला अरेतुरेच करते. तेव्हा अहोजाहो होतं, 'भाऊ' होतं. तो मूळचा सटाण्याकडचा. सातपूरच्या कारखान्यात मशीनवर होता, आणि पंचवटीत आमच्या गिरणीसमोरच्या गुरुजींच्या घरात वरच्या खोलीत एकटा भाड्यानं राहायचा. चाळिशीचा, हडकुळा, बोलायला गोड. लग्न झालं नव्हतं. का नाही, ते मला नंतर कळलं. घरात आठ पायांच्या दोन बायका आधीच होत्या.

खोटं नाही सांगत. दोन टारंटुला. तळहाताएवढे, केसाळ कोळी, वाण्याच्या दुकानात असतात तसल्या प्लास्टिकच्या बरण्यांत ठेवलेले. एकीचं नाव थोरली, दुसरीचं धाकटी. थोरली इगतपुरीकडं कापलेल्या एका झाडाच्या ढोलीत सापडली होती म्हणे. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा अशी किंचाळले की खालून गुरुजींनी विचारलं, "काय झालं हो?" हा जिन्यातून ओरडला, "काही नाही गुरुजी, ताईंना पाल दिसली!"

गुरुजी रामकुंडावर विधी करायचे. घर कडक सोवळ्याचं. भाडेकरूला पहिली अट, अंडंसुद्धा आणायचं नाही. आणि वर हा झुरळं पाळत होता! कोळिणींना खायला. गावातलं झुरळ चालायचं नाही. "कोणी काय फवारलंय कुणास ठाऊक, ताई. विश्वासाचं नाही ते." म्हणून टबात स्वतःची झुरळं वाढवायची, आणि त्यांना लपायला अंड्याचे रिकामे पुठ्ठे. एकदा ते पुठ्ठे गुरुजींनी जिन्यातच पकडले. यानं पापणीही हलवली नाही. "भिंतीला लावतो, गुरुजी. माझ्या रेडिओचा आवाज तुमच्या जपाला नको." गुरुजी खूश. मी गिरणीतून सगळं पाहत होते आणि पोट धरून हसत होते. माणूस किती सफाईनं खोटं बोलतो, ते तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण खोटं दुसऱ्याशी बोललं जातं तेव्हा ते विनोदीच वाटतं, नाही का? तुम्हीही हसला असता.

कोळिणींना जेवू घालणं हा त्याचा सोहळा होता. घरचे पाहुणे असावेत तसा बोलायचा. "झुरळ म्हणजे वरणभात. कधीही द्या, बाधत नाही. रातकिडा म्हणजे चिवडा, मजा येते पण पोट भरत नाही. नाकतोडा म्हणजे सणाचं ताट." सुट्टीला गावी गेला की शेताच्या बांधावरून नाकतोडे धरून आणायचा, भोकं पाडलेल्या डब्यातून. आणि अळी? "अळी म्हणजे तूप, ताई. रोज वाढलं तर पोट सुटेल." थोरलीच्या पोटापेक्षा मोठा घास द्यायचा नाही, हा नियम. अळी सोडताना तिचं डोकं चिमट्यानं चेपायचं, नाहीतर ती मातीत दडी मारते आणि मग ज्याला खायचं तो उपाशी. उरलंसुरलं दुसऱ्या दिवशी काढून टाकायचं. बाटलीच्या झाकणात पाणी.

कारखान्यातल्या कुणीतरी हौसेनं उंदराचं पिल्लू आणून दिलं होतं. यानं ते परत केलं. वर म्हणतो कसा, "हाडं असलेलं आमच्यात चालत नाही." मी म्हटलं, "अहो, सोवळं मानणारा कोळी तुमच्याकडंच पाहिला."

कधी थोरली खायची बंद व्हायची. आठवडेच्या आठवडे घासाला तोंड लावायची नाही. मी विचारलं की मान हलवून म्हणायचा, "तिना उपास शे." एरवी आमच्यासारखंच बोलायचा, पण कोळिणींचा विषय निघाला की सटाण्याची बोली तोंडात यायची. मला ते आवडायचं. माझा नवरा गेल्यापासून गिरणीत माझ्याशी दळणापलीकडं बोलणारं कोण होतं? हा संध्याकाळी यायचा, पट्टा सैल झाला असेल तर आवळून द्यायचा, चाळणी ठोकून द्यायचा. मी भाकरी-पिठलं पुढं करायचे. रवा काढला की उरलेला कोंडा त्याच्यासाठी पिशवीत बांधून ठेवायचे. पिशवीवर आमच्या गिरणीचं नाव. या कोंड्यात त्यानं गॅलरीत अळ्या वाढवल्या, पिवळ्या, टपोऱ्या.

तिथंच त्यानं माती खाल्ली.

त्याच्यासारखे कोळी पाळणारे आणखी काही जण होते, त्यांचा फोनवर गट होता. त्यात यानं व्हिडिओ टाकला. चेहरा नाही, नुसता हात, हातात चिमटा, चिमट्यात वळवळती अळी, आणि मागं माझी पिशवी, नावासकट. आणि वर आवाज, "या आमच्या अळ्या. गिरणीवर वाढलेल्या. अस्सल."

आता बघा. दुधावर वाढलेलं पोर म्हणजे दूध पिऊन वाढलेलं. तसं त्याला म्हणायचं होतं, गिरणीच्या कोंड्यावर वाढलेल्या. पण आपण पोराला काय सांगतो? 'गिरणीवर जा, दळण घेऊन ये.' लोकांनी तेच ऐकलं. अळ्या गिरणीवर वाढतात! माझ्या गिरणीवर!

व्हिडिओ या फोनावरून त्या फोनावर फिरत आमच्या गल्लीत आला, तो नेमका दिवाळीच्या तोंडावर. गिरणीवाल्याला विचारा दिवाळी म्हणजे काय. चकलीची भाजणी, अनारशाचं पीठ, बेसन. वर्षाचं पोट त्या पंधरवड्यावर असतं. पंधरवडा सुरू झाला आणि रांगच लागेना. मग एका सकाळी चार-पाच जणी मिळून आल्या, डब्यांऐवजी फोन घेऊन. "वहिनी, हे काय? तुमचीच पिशवी ना ही?" त्यात गुरुजीही आपलं दळण न्यायला आलेले. मी शपथा घेतेय, चाळण्या दाखवतेय, पोतं पालथं करतेय. कोण ऐकतंय?

तेवढ्यात हा रात्रपाळी संपवून गाडीवरून उतरला. मला वाटलं, देव पावला. मी हाक मारली, "भाऊ, इकडं या! सांगा यांना, या अळ्या कुठल्या ते."

त्यानं हेल्मेट काढलं. माझ्याकडं पाहिलं, बायकांकडं पाहिलं, मग गुरुजींकडं पाहिलं. आणि म्हणाला, "मला काय माहिती, ताई? आता गिरणी म्हटल्यावर पिठात थोडं किडामुंगी व्हायचंच."

आणि जिना चढून गेला.

केसानं गळा कापला मेल्यानं! माझी भाकरी खाल्ली, माझा कोंडा नेला, आणि चारचौघांत माझ्यावरच किडे टाकले. एकीनं आदल्या दिवशी ठेवलेला डबा तसाच, न दळता, उचलून नेला.

संध्याकाळी मी वर गेले. दार उघडताक्षणी सुनावलं, "आत्ता खाली जाते आणि गुरुजींना तुझा सगळा संसार दाखवते. झुरळं, कोळी, सगळं. बघू मग कोणाची गिरणी आणि कोणाच्या अळ्या."

त्यानं थोरलीची बरणी पुढं केली. थोरली उताणी पडली होती, पाय वर. मला वाटलं, मेली.

"कात टाकतेय," तो म्हणाला. "आज घराबाहेर काढलं ना, ताई, तर तिना जीव जाई. अंग मऊ असतं. बरणीला धक्का पण चालत नाही. मी चुकलो. गुरुजींना बघून घाबरलो. उद्या सकाळी मी स्वतः सांगतो, सगळ्यांसमोर. गुरुजींना पण बोलवा. घालवू दे घराबाहेर. फक्त आजची रात्र द्या. आईची शपथ."

काय सांगू तुम्हाला, मी तिथंच उभी राहिले. ओल्या हातातून बांगड्या काढाव्यात तशी ती जुन्या कातडीतून एकेक पाय सोडवत होती. किती सावकाश, किती कष्टानं. मध्येच थांबायची, दम खायची. हा श्वास रोखून बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन. माझा राग कुठं गेला कळलं नाही. खाली आले, दोन भाकऱ्या थापल्या आणि वर नेऊन दिल्या. मग घरोघरी जाऊन सांगितलं, उद्या सकाळी गिरणीवर या, ज्याच्या अळ्या आहेत तो माणूस स्वतः सांगणार आहे. कोण ते मी सांगितलं नाही. म्हटलं, त्याच्या तोंडूनच निघू दे.

सकाळी सगळ्या आल्या. दोघी-तिघींनी तर भाजणीचे डबेही आणले होते, मन मोठं करून. गुरुजी आले. मी म्हटलं, "गुरुजी, तुमच्या भाडेकरूला हाक मारा बरं जरा."

"तो?" गुरुजी म्हणाले. "तो पहाटेच गेला की. किल्ली देऊन, पाया पडून. दुसरीकडं काम लागलं म्हणे. चांगला माणूस हो. इतकी वर्षं राहिला, अंडंसुद्धा आणलं नाही कधी."

मी धावत वर गेले. गुरुजी मागोमाग. खोली रिकामी होती. नुसती रिकामी नाही, पुसलेली. फरशीला फिनाईलचा वास. गॅलरीत टब नाही, बरणी नाही, कोंड्याचा कण नाही. "इथं झुरळं होती हो, गुरुजी! कोळी होते! अळ्या इथं वाढत होत्या!" मी कोपऱ्याकोपऱ्यात बोट दाखवत होते. गुरुजींनी स्वच्छ फरशीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ताई, शांत व्हा," ते म्हणाले. "पाणी आणू का?"

बरणीला धक्काही चालत नाही म्हणाला होता. तीच बरणी घेऊन तो गाडीवर गेला. ज्या थोरलीसाठी माझं नाव बुडवलं, ती तरी वाटेत जगली का, देव जाणे. मला तिचं वाईट वाटतं. त्याचं वाटत नाही. वाटू द्यायचं नाही, असं ठरवलंय.

खाली आले तेव्हा बायका अजून उभ्या होत्या. "मग? कोण आहे तो माणूस?" एकीनं विचारलं. मी नाव सांगितलं. कोणी हसलं नाही, कोणी भांडलं नाही. डबे उचलले गेले. एक म्हातारी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली, ते मला सगळ्यात जास्त लागलं.

मी पट्टा चढवला आणि बटण दाबलं. गिरणी रिकामी फिरवू नये, दगड दगडाला खातो, हे सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तरी मी ती चालू ठेवली, दुपारपर्यंत, गल्लीला आवाज जावा म्हणून.