मागच्या बाकावरच्या वकीलबाई

शारजाच्या कॉलेजात मी अमेरिकन राजकारण आणि कोर्टं शिकवायचो, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका बाईंना मी तपासणी अधिकारी समजलो. आठवडाभर टाय लावून, घसा ताणून शिकवलं. मग कळलं, त्या माझ्या वर्गातल्या लेकीला न्यायला लवकर येत आणि उन्हात थांबण्यापेक्षा वर्गात बसत.

मूळच्या साताऱ्याच्या वकील. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आल्या आणि वकिली खलास. "हिचं शिक्षण झालं की परत कोर्टात, इन्शाल्ला," म्हणायच्या.

एकदा वर्गात लुटुपुटूचा खटला चालवला, न्यायाधीश मी. आरोपीची बाजू कुणी घेईना, म्हणून मी त्यांना गळ घातली. उठताना त्यांनी दोन्ही हातांनी ओढणी खांद्यांवर पुढे ओढली, काळा गाऊन सावरावा तशी. ज्युरी म्हणून बसवलेल्या मुलांकडे पाठ करून त्या माझ्याशीच भांडत राहिल्या. आपल्याकडे ज्युरी असते कुठे! शेवटी लेक म्हणाली, "मम्मी, प्लीज, सिट डाउन." त्या बसल्या, तरी हात खांद्यांवरच होते.

निघताना मी फुशारून विचारलं, "माझं लेक्चर ऐकून कोर्ट आठवत असेल ना?"

"कोर्ट तर भाजी चिरतानाही आठवतं, सर. तुमच्याकडे मी एसीसाठी येते."