गार घाम

आमच्या घरातला रोग आधी मुंग्यांना कळला. मालक, म्हणजे माझा नवरा, मोरीत जिथं लघवीला बसायचे तिथं काळ्या मुंग्यांची रांग लागायची. मी रोज राख टाकायची अन् मुंग्यांना शिव्या द्यायची. एक दिवस शेजारीण डोकावून म्हणाली, "बाई माय, ही साखर हाय. मालकाला दवाखान्यात न्या." माझ्या सासऱ्यांचा पाय साखरेनंच कापावा लागला होता, अन् पायामागोमाग तेही गेले होते. त्याच दिवशी मी मालकांना दवाखान्यात नेलं.

मालक पूर्णेला रेल्वेत गार्ड होते. गाडीच्या शेवटच्या डब्यात बसायचं अन् झेंडी दाखवायची, हे काम. ते नामांतराचे दिवस. विद्यापीठाच्या नावावरून कधी बंद, कधी गाड्या अडवलेल्या. ते ड्यूटीवर गेले की माझा जीव टांगणीला. बाहेरचं भ्या कमी होतं का काय, म्हणून हे घरातलं आलं!

डॉक्टरांनी गोळी दिली अन् सांगितलं, रोज चाला. मालक चालायला लागले, पण कसे? टपरीवर थांब, ओळखीचा दिसला की त्याच्या ओट्यावर टेक, तासाभरानं पान चघळत परत. घरी तपासायला डॉक्टरांनी एक निळं औषध दिलं होतं. काचेच्या नळीत ते ओतायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे अन् तापवायचं. निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, विटेसारखं लाल झालं तर लय. दोन महिने रोज लाल. मालक हसायचे, "आजबी सिग्नल लाल हाय!" मला कुठलं हसू येतंय? ते पाय धुवायला बसले की मला सासऱ्यांचा पाय दिसायचा.

डॉक्टर चिडले. "असं रमतगमत चालून काय उपयोग? गाडी सुटायलीय असं चाला. घाम निघाला पाहिजे."

"गाडी सुटंल कशी? झेंडी तर माझ्याच हातात हाय," मालक म्हणाले.

मी तिथंच भडकले. "उद्यापासून मी येते संगं. बघतेच कशी सुटत न्हाई ते!"

अन् गेले. पदर खोचून, पायात त्यांचेच जुने कॅनव्हासचे बूट घालून. कॉलनीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हसा म्हणलं, तुमच्या बापाचं काय जातंय? मी पुढं, ते मागं. रेंगाळले की मी ओरडायची. पंधरा-वीस दिवसांत नळी हिरवी झाली अन् मला हाव सुटली.

त्या दिवशी संकष्टी होती, दोघांनाही उपास. त्यांनी गोळी घेतली, बिनसाखरेचा चहा घेतला अन् आम्ही निघालो. मला वाटलं, उपास अन् चालणं एकदमच झालं तर साखर मुळासकट जाईल. माझी अक्कल!

ऊसतोडीचे दिवस होते, सकाळची थंडी होती. मी रोजच्यापेक्षा जोरात रेटलं. वळून बघते तर त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला, कपाळावरून धारा. मला काय आनंद झाला! "आला का न्हाई घाम? चला, अजून थोडं." ते पुटपुटले, "लाल हाय... लाल हाय." मला वाटलं, नळीचीच चेष्टा करायलेत. "हिरवा हाय, चला गुमान," म्हणत मी हात धरून ओढलं. हात गार पडलेला. त्यांनी माझ्याकडं बघितलं अन् विचारलं, "तुमी कोण?"

वीस वर्षांचा संसार, अन् मी कोण! ते रस्त्याच्या कडेला ढासळले, डोळे वर गेले. मी बोंब ठोकली.

उसाच्या फडावर निघालेली एक बाई पळत आली. तिनं भाकरीच्या गाठोड्यातून गुळाचा खडा काढला. आमच्याकडं कुणाला भोवळ आली की आधी गूळच देतात. तिचा हात त्यांच्या तोंडाशी गेला तोच मी त्यावर फटका मारला. खडा मातीत पडला.

"मारतीस का काय त्यांना? साखर हाय त्यांना! गूळ म्हंजे इख हाय इख!"

ती म्हणाली, "माय, माणूस चाललाय. गेल्यावर कुणाची साखर बघतीस?" तिनं खडा उचलला, पदराला पुसला, मला खांद्यानं बाजूला सारलं अन् बोटानं गूळ त्यांच्या हिरड्यांना चोळत बसली. मी परत हात उचलला होता. त्या हातात बळच राहिलं नव्हतं, एवढंच माझं नशीब.

किती वेळ गेला देव जाणे. मालकांनी डोळे उघडले. "अगं, रडायला काय झालं?"

दुपारी डॉक्टरांनी माझी चांगलीच हजेरी घेतली. गोळी घेऊन उपाशी पोटी इतकं रेटतात का? साखर पार खाली उतरली, म्हणून ते पडले. दमानं चालून साखर हलत नाही, खरं आहे. पण बोलता येतंय तोवरच रेटायचं. बोलणं तुटलं, अंग गार पडून घाम फुटला, की थांबायचं अन् तोंडात गोड घालायचं. चालल्याचा घाम वेगळा, हा घाम वेगळा.

मालक नीट भानावर यायच्या आधीच ती बाई फडावर निघून गेली होती, अन् गूळ मीच चारला असं त्यांनी धरलं. तिचं नाव, गाव, काहीच मी विचारलं नाही.

मालक आता रिटायर झालेत, रोज चालतात, दोन्ही पाय धड आहेत. येईल-जाईल त्याला सांगतात, "हिनं येळेवर गूळ चारला, म्हणून मी हाय." बाया माझ्याकडं कौतुकानं बघतात अन् मी चहा टाकायच्या निमित्तानं उठते. त्या फटक्याचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.